रक्तात गुठळी होण्याचा विकार आणि गरोदरपण : डॉक्टर कसे निवडावेत?



काही स्त्रियांच्या रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती जास्त असते. कुणाच्या पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झालेली असते. कुणाची दोन-तीन बाळे पोटातच गेल्यावर रिपोर्टमध्ये ‘एपीएलए पॉझिटिव्ह’ असे आलेले असते. कुणाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असते. अशा स्त्रीला दिवस राहिले की घरात पहिला प्रश्न निघतो, “चांगला डॉक्टर कोण?” शेजारीण एक नाव सांगते, नणंद दुसरे सांगते आणि शेवटी ज्याच्या दवाखान्यात गर्दी जास्त, त्याच्याकडे नाव नोंदवले जाते.

अशा गरोदरपणात एकटा डॉक्टर कितीही हुशार असला तरी पुरा पडत नाही. दोन-तीन विषयांचे डॉक्टर, रक्तपेढी व अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आणि बाळंतपणाची आधीच लिहून ठेवलेली योजना, या तीन गोष्टी एकत्र लागतात. त्या कशा तपासायच्या, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत. कोणते औषध किती घ्यायचे हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

विकार कोणता, ते आधी माहीत करून घ्या

“रक्ताचा प्रॉब्लेम आहे” एवढे सांगून भागत नाही. रक्त गोठण्याचे विकार दोन उलट प्रकारचे असतात. एका प्रकारात रक्त लवकर गोठत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही. दुसऱ्या प्रकारात नको तिथे, म्हणजे शिरेच्या आत गुठळी होते. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. हा लेख दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

या दुसऱ्या प्रकारातही भेद आहेत. गरोदरपणात वारंवार त्रास देणारा एक विकार म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात शरीर स्वतःच्याच विरुद्ध काही प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे शिरांत गुठळ्या होऊ शकतात, वारेचे काम बिघडते, गर्भपात होतो किंवा बाळाची वाढ खुंटते. याचे निदान एका रिपोर्टवर करत नाहीत. साध्या संसर्गानंतरही ही चाचणी काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करतात. दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आली आणि पूर्वी गुठळी किंवा ठरावीक प्रकारचे गर्भपात झालेले असले, तरच हे नाव देतात. योग्य उपचार मिळाले तर या विकारातही बहुतेक स्त्रियांना जिवंत बाळ होते. म्हणून “हिच्या नशिबात मूल नाही” असे बोलणे अज्ञानाचे आहे. अशा सुनेला दोष देण्यात आणि बाबा-भगतांकडे नेण्यात गेलेला प्रत्येक महिना उपचारातून वजा होतो.

दुसरा गट जन्मतः आलेल्या विकारांचा आहे. प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटीथ्रॉम्बिन हे घटक रक्तात कमी असणे, किंवा फॅक्टर फाइव्ह लायडन हा जनुकीय बदल असणे, असे हे विकार आहेत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गरोदरपणात प्रोटीन एस प्रत्येकीचेच कमी होते. त्यामुळे सहाव्या महिन्यात ही चाचणी करून “तुम्हाला आजार आहे” असे कुणी सांगितले, तर बाळंतपणानंतर ती पुन्हा करावी लागेल का, हे विचारा.

विदर्भातील वाचकांसाठी एक खास सूचना. आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल बराच आढळतो. सिकलसेलचा आजार असलेल्या स्त्रीला गरोदरपणात गुठळीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आजार असो की फक्त वाहक असाल, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा आणि पतीचीही तपासणी करून घ्या.

धोका का वाढतो?

बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून गरोदर स्त्रीचे रक्त निसर्गतःच जास्त गोठू लागते. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पोटातील शिरांवर पडतो आणि पायांतले रक्त वर सावकाश चढते. म्हणून गुठळी बहुधा पायात, त्यातही डाव्या पायात होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर काही मिनिटांत जिवावर बेतते. सर्व गरोदर स्त्रिया धरल्या तर हजारात साधारण एक-दोघींना गुठळी होते. ज्यांना आधीच विकार आहे, त्यांच्यात हे प्रमाण जास्त असते. सर्वांत मोठा धोका बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत असतो. सिझेरियन, लठ्ठपणा, लांबचा प्रवास आणि महिनोन्‌महिने पलंगावर पडून राहणे यांनी तो आणखी वाढतो. म्हणून डॉक्टरांनी नेमके कारण सांगून विश्रांती लिहून दिली नसेल, तर “उठू नकोस, बसू नकोस” असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

कोणकोणते डॉक्टर लागतात?

पहिले, स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ. या सर्वांचे सूत्र त्यांच्या हाती असते. त्यांनी अशी बाळंतपणे पूर्वी केलेली असावीत.

दुसरे, रक्तविकारतज्ज्ञ, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्ट. पुष्कळ लोक रक्त तपासणाऱ्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टलाच रक्तविकारतज्ज्ञ समजतात. पॅथॉलॉजिस्ट रिपोर्ट देतात. त्या रिपोर्टवरून उपचार ठरवणारे हिमॅटॉलॉजिस्ट वेगळे असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ते नसले, तर अनुभवी फिजिशियन हे काम बघू शकतात. पण मग मोठ्या शहरातील रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला एकदा तरी घेऊन तो लेखी आणावा. संधिवात किंवा ल्युपसही असेल, तर त्या आजाराचे डॉक्टर, आणि झडप असेल तर हृदयरोगतज्ज्ञ हवेतच.

तिसरे, भूलतज्ज्ञ. यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा असर असताना पाठीच्या कण्यात भूल दिली, तर कण्यात रक्त साचून पाय निकामी होऊ शकतात. म्हणून कमी मात्रेच्या इंजेक्शननंतर किमान १२ तास आणि पूर्ण मात्रेनंतर २४ तास जाऊ देतात. हे तास मोजणारा माणूस बाळंतपणाच्या रात्री नव्याने ओळख करून घेणारा नसावा. आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञांची एक भेट मागून घ्या.

चौथे, नवजात बालकांचे डॉक्टर. अशा गरोदरपणात बाळ लवकर किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता असते.

तुमच्या गल्लीतले किंवा गावातले नेहमीचे डॉक्टर आणि आशाताई यांनाही सोडू नका. पायाची सूज आधी त्यांच्याच नजरेस पडते. मात्र रक्त पातळ करणारे औषध सुरू करणे, बंद करणे किंवा बदलणे त्यांच्या सल्ल्याने करू नये.

रुग्णालय पाहताना

रुग्णालयात रक्तपेढी आहे का, नसेल तर रक्त यायला किती वेळ लागतो? अतिदक्षता विभाग आहे का? रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून बोलवावे लागतात? बाळासाठी काचेची पेटी आणि नवजात शिशू विभाग आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की रुग्णालयाची पारख होते. छोट्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर ओळखीचे आणि वागणूक आपुलकीची असते, पण या सोयी बहुधा नसतात.

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत या सोयी एका छताखाली असतात. नागपूरचे मेडिकल व मेयो, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे घाटी, पुण्याचे ससून, मुंबईची केईएम, नायर, सायन व जे. जे. ही त्यातली मोठी रुग्णालये. मुंबईत केईएमच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थाही आहे. या ठिकाणी गर्दी असते, दर वेळी वेगळे डॉक्टर भेटतात, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे स्वतःची नीट फाईल, त्याविषयी पुढे सांगतो. नेहमीची तपासणी जवळच्या डॉक्टरांकडे आणि महत्त्वाच्या भेटी व बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, अशी विभागणीही करता येते. पण ती दोन्हीकडच्या डॉक्टरांना माहीत असली पाहिजे.

आता माहेरचा प्रश्न. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यानंतर माहेरी जायची आपल्याकडे रीत आहे. इतर वेळी ती चांगलीच आहे. पण या विकारात सहा महिने एका शहरात उपचार झाले आणि शेवटचे दोन महिने नव्या गावी, नव्या डॉक्टरांकडे गेले, तर योजना तिथेच तुटते. माहेर मोठ्या रुग्णालयाजवळ असेल तर नाव सुरुवातीपासूनच तिकडे नोंदवा. नसेल तर यावेळी आईनेच लेकीकडे यावे. रुग्णालय दोन तासांच्या अंतरावर असेल, तर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांसाठी जवळच्या नातेवाइकांकडे राहायची सोय आधीच बघून ठेवा.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

हे प्रश्न वहीत लिहून न्या. सोबत पती किंवा घरातले शिकलेले माणूस असू द्या.

१. माझ्या विकाराचे नेमके नाव काय? ते कागदावर लिहून द्याल का?

२. अशा किती स्त्रियांची बाळंतपणे तुम्ही केली आहेत? चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. “कमी केली आहेत, पण मी अमुक डॉक्टरांचा सल्ला घेऊन करीन” हे उत्तरही प्रामाणिक आहे.

३. मला इंजेक्शन लागेल का, कशासाठी आणि किती महिने?

४. रक्तविकारतज्ज्ञांशी तुम्ही स्वतः बोलणार की मी चिठ्ठी घेऊन जाऊ?

५. बाळाची वाढ आणि रक्तपुरवठा पाहायला डॉपलर सोनोग्राफी केव्हा-केव्हा करायची?

६. कळा सुरू झाल्या तर पुढचे इंजेक्शन घ्यायचे की थांबवायचे? सर्वसाधारण नियम असा की कळा, पाणी जाणे किंवा रक्तस्राव सुरू झाला तर पुढची सुई न टोचता लगेच रुग्णालयात जायचे. पण तुमच्यासाठीचा नियम डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

७. तुम्ही गावाला गेलात तर माझ्याकडे कोण बघेल? रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा?

८. बाळंतपणानंतर औषध केव्हा सुरू होईल आणि केव्हा थांबेल?

आठपैकी पाच-सहा प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर डॉक्टर योग्य आहेत असे समजायला हरकत नाही. सातव्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर मात्र दुसरीकडे बघा. डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही. शरीर आपले आहे. आपल्या बोलण्याची, राहणीची किंवा वस्तीची कुणी टिंगल करत असेल, तर तिथे पुढच्या वेळी प्रश्न विचारायला जीभ रेटणार नाही. अशा गरोदरपणात न विचारलेला प्रश्न महागात पडतो.

औषधांविषयी थोडे

गरोदरपणात बहुधा हेपॅरिन जातीचे इंजेक्शन देतात. त्यात एनोक्सापॅरिनचा वापर जास्त आहे. ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. पोटाच्या कातडीत टोचतात म्हणून ते बाळाला लागेल, ही भीती चुकीची आहे. सुई कातडीखालच्या चरबीतच राहते. सिस्टरकडून दोन-तीनदा शिकून घेतले की घरच्या घरी टोचता येते. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये याबरोबर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात.

वॉरफरीन आणि ॲसिट्रोम या गोळ्या मात्र बाळापर्यंत पोहोचतात. विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्यांच्यामुळे बाळात व्यंग येऊ शकते. रिव्हारोक्सॅबान, ॲपिक्सॅबानसारख्या नव्या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत. अशी गोळी चालू असेल तर मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांना भेटा. अचानक दिवस राहिले तर गोळी मनाने बंद करू नका, कारण झडप असलेल्या स्त्रीला त्यानेही धोका होतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एक-दोन गर्भपात झाले की लगेच हजारो रुपयांच्या तपासण्या लिहून देणे आणि त्यात काही किरकोळ निघाले की नऊ महिने इंजेक्शन चालू करणे, हेही घडते. २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘अलाइफ-२’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मजात गुठळीची प्रवृत्ती असलेल्या आणि दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या स्त्रियांना त्यात दोन गटांत विभागले होते. इंजेक्शन घेतलेल्या सुमारे ७२ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, न घेतलेल्या गटात ते प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. म्हणजे केवळ गर्भपात टाळण्यासाठी त्यांना इंजेक्शनचा फायदा झाला नाही. पूर्वी गुठळी झालेल्या स्त्रिया आणि अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम यांना हा निष्कर्ष लागू नाही. तसेच ‘एमटीएचएफआर’ नावाची महाग जनुकीय चाचणी गर्भपाताच्या कारणासाठी करू नये, असे प्रसूतितज्ज्ञांच्या मोठ्या संघटना सांगतात. “ही तपासणी केल्याने माझा उपचार बदलेल का?” एवढे विचारले तरी पुष्कळ खर्च वाचतो.

खर्चाचे काय?

रोजचे इंजेक्शन आणि तेही सात-आठ महिने, हा खर्च रोजंदारीच्या घराला पेलत नाही. मग दोन दिवसांआड सुई घेणे सुरू होते आणि उपचाराचा उपयोग राहत नाही. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात लाज नाही. एनोक्सापॅरिन केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याच औषधाच्या स्वस्त कंपन्या मिळतात, जनऔषधी केंद्रातही विचारा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रीला बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत मिळाले पाहिजे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली, तर या कार्यक्रमाचे नाव घेऊन वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. जोखमीच्या स्त्रीच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. तुमच्या कार्डावर ते नसेल तर मागून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.

फाईल हीच ओळख

एक प्लास्टिकची फाईल करा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा : विकाराचे नाव, रक्तगट, औषध व मात्रा, शेवटची सुई कधी घेतली, डॉक्टरांचे व रुग्णालयाचे फोन. मागे सर्व रिपोर्ट तारखेने लावा. जुन्या रुग्णालयातून कागद मिळत नसतील तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदींची प्रत देणे बंधनकारक आहे. रात्री अनोळखी डॉक्टरांसमोर बेशुद्ध अवस्थेत जायची वेळ आली, तर ही फाईलच तुमच्या वतीने बोलेल.

बाळ झाल्यावरही सहा आठवडे

बाळ हातात आले की घरचे निश्चिंत होतात. धोका मात्र याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. औषध सांगितले तितके दिवस घ्या. हेपॅरिन किंवा वॉरफरीन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येते. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. त्याने रक्त घट्ट होते आणि मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. तिला भरपूर पाणी द्या आणि घरातल्या घरात चालू द्या. पाळणा लांबवण्यासाठी माला-डी, माला-एनसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या स्त्रियांनी घेऊ नयेत. तांबीत हार्मोन नसते, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा.

खालीलपैकी एकही लक्षण दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा :

एकाच पायाला सूज, दुखणे किंवा लाली, अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, न थांबणारी तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे, झटका येणे, हात-पाय किंवा बोलणे लुळे पडणे, खूप रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणे.

रुग्णालयात पोहोचताच पहिले वाक्य हेच बोला, “हिला रक्तात गुठळी होण्याचा विकार आहे.” दम लागल्याला ‘अशक्तपणा’ आणि डोकेदुखीला ‘जागरण’ म्हणून परत पाठवले जाऊ नये, यासाठी ते आधी सांगायचे.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचून दाखवा, अशी आमची विनंती आहे. वस्तीत अशी एखादी गरोदर ताई असेल, तर तिच्याबरोबर पहिल्या भेटीला कोण जाईल, आठ प्रश्नांची वही कोण धरेल आणि अडचणीच्या रात्री गाडी कुणाची निघेल, हे त्याच बैठकीत ठरवून टाका.